डोळ्यांनी पाहिलेला आकडा

मी कोल्हापूर सोडलं ते ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. मुंबईहून विमान शुक्रवारी होतं आणि आम्ही गुरुवारी निघणार होतो. बुधवारी सकाळी अण्णा नदीवरून परत आले आणि चपला न काढता तसेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "आज दुपारीच निघायचं," ते म्हणाले. "पाणी चढायला लागलंय. शिरोलीजवळ रस्त्यावर आलं की पोरगी हितंच अडकंल."

आईने पुरणाची डाळ शिजत घातली होती. तिने मागे न बघताच विचारलं, "अडकू दे की. चार दिवस जास्त राहील. काय बिघडलं?"

अण्णा जीप ठरवायला गेले. दुपारी दोन वाजता जीप दारात आली. निघण्याआधीचा जो एक रिकामा दिवस असतो, ज्यात माणसं उगाच बॅगा उघडतात आणि पुन्हा बंद करतात, तो आमच्या वाट्याला आलाच नाही. आणि पाणीही रस्त्यावर आलं नाही. पुलाच्या खालीच थांबलं आणि दोन दिवसांत उतरलं. आई पुढे कितीतरी वर्षं, पाहुण्यांसमोरसुद्धा, हे ऐकवत राहिली: "नदीनं ह्यांना फसवलं आणि ह्यांनी मला."

विमानतळाच्या काचेशी अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "पोचलीस की तिथली नदी कुठली ते कळव."

तुमच्यापैकी जे तिथेच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या दोघांसाठी मी हे लिहिते आहे. अण्णांना जाऊन आता काही महिने झाले. सत्त्याऐंशी वर्षांचे होते. लोक म्हणतात, भरल्या वयाचं जाणं, सोनं झालं. असेल. मला अजून तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायचं आहे.

अण्णा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. आपल्या भागातले बंधारे तुम्ही पाहिलेले असतील: नदीत ओळीने दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या, मधे माती ठासायची, आणि पाणी अडवायचं. या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर ते सगळे काढून घ्यायचे, नाहीतर पुराचं पाणी शेतांत शिरतं. अण्णांचं वर्ष या दोन कामांभोवती फिरायचं. आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे "बरगे निघाले की मग बघू" एवढीच असायची.

त्यांच्या बदल्या होत गेल्या. कधी आजरा, कधी राधानगरी, कधी गगनबावडा. पण माझी शाळा मोडू नये म्हणून आई आणि मी कोल्हापुरातच राहिलो. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ते घरी यायचे. आजऱ्याला असताना पिशवीत वासाचा घनसाळ तांदूळ असायचा, आणि घर येईपर्यंत त्यांच्या शर्टालाही तोच वास लागलेला असायचा. एकही शनिवार चुकला नाही असं मी लिहिणार होते. पण ते स्वतःच हे वाक्य खोडायला लावतील. दोन चुकले, दोन्ही पुरात.

त्यांचा एक नियम होता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. नदीची पातळी मोजायला बंधाऱ्यावर फुटांच्या खुणांची पट्टी असते. तिच्यासमोर उभं राहून वाचलेला आकडाच वहीत जायचा, अंदाजाने लिहिलेला नाही. घरातही तेच. मला ताप आहे असं आई म्हणाली तर आधी थर्मामीटर. बारावीला पंच्याऐंशी टक्के पडल्याचं मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं बरं," आणि सोमवारी रजा टाकून कॉलेजच्या बोर्डासमोर जाऊन उभे राहिले. मग तिथूनच पेढे घेऊन आले.

आणि याच माणसाने आईचे हात संधिवाताने वाकडे झाल्यावर तिची शेवटची तीन वर्षं दर रविवारी तिचे केस धुतले. मोरीत पाट मांडून, पाणी कोपराने तपासून. ती ओरडायची, "अहो, हळू! भिंत धुताय काय?" ते म्हणायचे, "डोळे मीट, शिकेकाई जाईल." मी सुट्टीत गेले की हे बाहेरच्या खोलीतून ऐकायचे आणि पुस्तकात डोकं घालून बसायचे. दोन माणसांच्या इतक्या जवळ जाण्याचा आपल्याला हक्क नाही असं वाटायचं.

मी बर्फाच्या देशात, विनिपेगला आले. लायब्ररीत नोकरी लागली, लग्न झालं, ओजस झाला, आणि ते लग्न पुढे टिकलं नाही. पार्का, स्नो टायर, डेकेअर, पॉटलक हे शब्द तोंडात बसले. इथल्या मराठी मंडळात पुण्याकडच्या बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. कोल्हापूरच्या आम्ही मुली "मी येतो, मी जातो" म्हणतो ना, त्याला. हळूहळू मी "येते, जाते" म्हणायला लागले. फक्त रविवारी सकाळी अण्णांचा फोन लागला की तोंडातून "बोलतो" निघायचं.

नदीचं मी पोचल्यावर लगेच कळवलं होतं. रेड नावाची नदी, दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, आणि तिचीही पातळी शहरात फुटांतच सांगतात. अण्णांना याचा केवढा आनंद झाला! तेव्हापासून आमचं बोलणं असंच चालायचं. पावसाळ्यात ते पंचगंगेचा आकडा सांगायचे: "आज सकाळी छत्तीस फूट दोन इंच. स्वतः बघून आलो." एप्रिलमध्ये इथलं बर्फ वितळलं की मी रेडचा सांगायची. "तू बघून आलीस काय?" "नाही अण्णा, वेबसाइटवर आहे." "मग तो तुझा आकडा न्हवं." बाकी काही विचारायचं असेल तर ते याच आकड्यांच्या आगेमागे कुठेतरी विचारून व्हायचं, असं मी धरून चालले होते. माझा संसार मोडला त्या वर्षी त्यांनी मला एकच सांगितलं: "पाणी चढलं की उतरतंच, बाळ." मला ते पुरलं होतं.

आई गेल्यावर मी त्यांना पाच महिने इकडे आणलं. शहराला पुरापासून वाचवायला नदीला वळसा घालणारा कालवा खोदलेला आहे, तो दाखवायला नेलं. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, नुसतं गवत. स्नीकर्स घालून अण्णा तळापर्यंत उतरले आणि बराच वेळ उभे राहिले. "नदीला येगळी वाट काढून दिली की ह्यांनी," ते म्हणाले. "मोठ्या मनाची माणसं." सप्टेंबर लागला तशी त्यांची घालमेल सुरू झाली. बरगे घालायचे दिवस आले, म्हणाले. मी चिडून म्हटलं, "अण्णा, तुम्हाला रिटायर होऊन वीस वर्षं झाली."

"नदी कुठं रिटायर झालीय?"

मी त्यांना विमानात बसवून दिलं. घर त्यांचं होतं, नदी त्यांची होती. शिवाय दत्तूमामा होते. दत्तूमामा म्हणजे अण्णांच्या हाताखाली बरगे बसवणाऱ्या टोळीचे मुकादम. मूळचे कोडोलीचे, आता मुलाकडे कसबा बावड्यात राहतात. रोज सायकलवरून यायचे, चहा प्यायचे, अण्णांशी भांडून परत जायचे.

गेल्या पावसाळ्यात मी जुलैचं तिकीट काढलं होतं. अण्णा म्हणाले, "आत्ता नको. पाणी चढतंय, रस्ते बंद पडत्यात. दसऱ्याला ये. तवा हवा चांगली असते." मी आग्रह केला नाही. लायब्ररीत नवी सिस्टीम बसवत होते, माझ्याशिवाय अडत होतं, किंवा तसं मला वाटायला आवडत होतं. आणि दर रविवारी आकडा येतच होता. सदतीस फूट. एकोणचाळीस फूट चार इंच. एक्केचाळीस फूट. मी मनात हिशेब करायची: अण्णा आकडा सांगतायत म्हणजे बंधाऱ्यापर्यंत जाऊन आलेत. म्हणजे चालतायत. म्हणजे बरे आहेत. ते मधेच थांबायचे. "एकोणचाळीस... फूट... चार इंच." मला वाटायचं, नेटवर्क नाही. मी तिकीट ऑक्टोबरचं करून घेतलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मी डबा भरत असताना फोन वाजला. तिकडे संध्याकाळ होती. दत्तूमामा कधी फोन करत नसत. "ताई," त्यांनी दोनदा हाक मारली. मग म्हणाले, "सायेब ग्येलं."

मी पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अग्नी दत्तूमामांनी द्यावा असं मी फोनवरूनच सांगितलं. मी तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला पोचले. माझ्या हातात जे आलं ते मडकं अजून कोमट होतं, का मला तसं वाटलं, कोण जाणे.

सगळे पांगल्यावर मी आणि दत्तूमामा पडवीत बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मामा, गेल्या रविवारी तर बंधाऱ्यावर जाऊन आले होते. एवढं अचानक कसं झालं?"

दत्तूमामांनी मान वर केली. "कोण जाऊन आलतं?"

"अण्णा. आकडा सांगितला मला."

"ताई, सायेब मिरगापासनं फाटकाच्या भाईर पडलं न्हाईत. पायावर ही सूज. चार पावलं टाकली की दम. डाक्टर म्हणालं, हार्ट मोठं झालंय."

"मग आकडा?"

"आकडा मी आणायचो की! सकाळी सायकल काढायची, बंधाऱ्यावर जायाचं, पट्टी बघायची, येऊन सांगायचं. एकदा पाऊस लई हुता, म्या पुलावनंच बघून आलो. तर मला म्हणत्यात, 'दत्तू, पट्टीम्होरं हुबा राहिलतास काय? न्हाय ना? मग परत जा.' त्या पावसात परत धाडलं मला! म्हटलं, सायेब, पोरगी काय हापिसर हाय व्हय तुमची?" ते हसायला गेले आणि त्यांना रडूच फुटलं.

मी विचारलं, "मला का नाही कळवलं?"

"शपथ घातलेली. म्हणालं, तिला कळलं तर असल्या पाण्यातनं यील, वाटंत कुटं अडकंल. पाणी उतरू दे."

"तुम्ही तरी सांगायचं, मामा."

"चाळीस वर्सं त्या मानसानं मला खोटा आकडा लिवू दिला न्हाय." दत्तूमामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आनि पहिल्यांदाच म्हणालं, दत्तू, एवढं दडीव. न्हाय कसं म्हणू? आनि आकडा खोटा न्हवता, ताई. आकडा खराच हुता."

दत्तूमामांवर मला रागवता आलं नाही. अण्णांवर आला राग. अजून कधीकधी येतो. आयुष्यभर पाळलेला नियम त्यांनी मोडला तो माझ्यासाठी, आणि मी त्याच नियमाच्या भरवशावर दूर बसून राहिले. पण सगळ्यात जास्त राग येतो तो जूनपासूनच्या त्या दहा रविवारांचा. "तुम्ही कसे आहात" हे मी एकदाही धड विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक ते "बरा हाय" म्हणाले असते. तरी विचारायला हवं होतं. आकडा सांगताना लागणाऱ्या त्या धापेचं कारण विचारायला तर नक्कीच हवं होतं.

घराची किल्ली मी दत्तूमामांकडे ठेवली आहे. रविवारी जाऊन ते खिडक्या उघडतात. पंचगंगेची पातळी आता मोबाईलवरही कळते. मी बघत नाही.

ओजस रिजायनाला नोकरी करतो, इथून सहा तासांवर. तो अण्णांपाशी फार राहिलेला नाही, पण नातू त्यांचाच. नोव्हेंबरात त्याचा फोन आला. मी विचारलं, "कसा आहेस?" तो म्हणाला, "मायनस बावीस. विंड चिल धरून तीस." नेहमीप्रमाणे मी इथलं तापमान सांगायला तोंड उघडलं आणि ते सांगवेना.

"थंडीचं राहू दे," मी म्हटलं. "तुझं सांग."

"माझं काय? आय ॲम फाइन." मग त्यानेच विचारलं, "आई, तू ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हणाले. "मी बरी नाहीये. अण्णांची फार आठवण येते. संध्याकाळी घरात आले की दिवासुद्धा लावावासा वाटत नाही." असं वाक्य मी अण्णांना कधी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनी मला.

त्याने लगेच विचारलं, "मी शनिवारी येऊ?"

कशाला येतोस, हायवेवर ब्लॅक आइस असेल, गाडी घसरेल, ख्रिसमसलाच ये. सगळं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते माझं नव्हतं, आमच्या घराचं होतं. मी ते गिळलं.

"ये," मी म्हणाले.

शनिवारी दुपारी बर्फाने माखलेली त्याची गाडी दारात लागली. मी खिडकीतूनच बघितलं, मग कोट न घालता बाहेर गेले. माझं घर कुठलं असं आता कुणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येत नाही. एवढंच म्हणेन की ज्याला वाटेत अडकायची भीती न घालता "ये" म्हणता येतं, असं एक माणूस अजून माझ्याकडे आहे.