पाण्यात न धरणारा चुना

उस्मान मिस्त्रींनी थापीचं टोक दोन दगडांच्या सांध्यात खुपसलं आणि थापी निम्मी आत गेली. तो सांधा भरून तीन आठवडे झाले होते. मिस्त्रींनी थापी बाहेर काढली, तिला लागलेला पांढरा लगदा बोटावर घेतला आणि माझ्यापुढे धरला.

“पाटणकरसाहेब, हे बघा. हा चुना नाही, दही आहे.”

आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उभे होतो. सायखेड्याच्या रस्त्यावर, एका बारमाही ओढ्यावर दगडी पुलाचं काम चाललं होतं. मातीचा बांध घालून पाणी वळवायचं, पाया भरायचा, मग बांध फोडून पाणी परत सोडायचं, अशी पद्धत होती. मधल्या खांबाचा पाया असाच भरला होता. त्याचे चार थर पाण्याखाली होते आणि चारही थरांत माझा चुना होता.

“वरचे सांधे?” मी विचारलं.

“वरचे धरलेत, घट्ट झालेत. हवेत धरतो तो. पाण्यात धरत नाही.”

मिस्त्रींचं अर्धं आयुष्य पूल आणि बंधारे बांधण्यात गेलं होतं. आमच्याच भट्टीचा चुना ते वर्षानुवर्षं वापरत होते आणि अशी तक्रार त्यांनी कधी केली नव्हती. मग आताच काय झालं?

माझी ओळख करून द्यायला हवी. मी खाणविद्या शिकलेला माणूस. १९३०च्या आसपास शिक्षण संपवून नाशिकला परत आलो, तेव्हा लोक हसायचे. नाशिकला सगळा काळा कातळ. सोनं नाही, तांबं नाही, कोळसा नाही. इथं खाणीचा इंजिनिअर काय करणार? शेवटी त्र्यंबकशेठांनी मला ठेवून घेतलं. शहराबाहेर त्यांच्या चुन्याच्या भट्ट्या होत्या. “जमिनीतून काढायचं आणि कामाचं करायचं, हीच तुमची विद्या ना?” ते म्हणाले. “मग आमच्या मालाची प्रत सुधारा.”

आमचा चुना कंकरचा. नदीकाठच्या आणि काळ्या रानातल्या मातीत चुनखडीचे वेडेवाकडे खडे सापडतात, सुंठेच्या तुकड्यांसारखे. तोच कंकर. बायका तो वेचून आणायच्या. तो भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. कळीवर पाणी टाकलं की ती रटरटून विरते. मग रेती घालून तो बैलाच्या घाण्यात मळायचा. त्या काळी सिमेंट महाग होतं आणि लांबून यायचं. पाण्यातल्या बांधकामाला कंकरचा चुनाच चाले, कारण तो पाण्याखाली दगडासारखा घट्ट होतो.

कॉलेजात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. खाणीतून येतं ते सगळं कामाचं नसतं. चांगलं वेगळं काढा, निकामी फेका, मालाची टक्केवारी वाढवा. मी ते भट्टीवर लागू केलं. कंकर धुवायला पाण्याच्या लांब डोणी केल्या. चाळण्या लावल्या. आणि ॲसिडची बाटली आणली. चुनखडीवर ॲसिडचा थेंब टाकला की फेस येतो. फेस जितका जोरात, तितका चुना जास्त. मंद फेसाचा, मातकट रंगाचा खडा मी बाजूला टाकायला लावला. दोन महिन्यांत आमचा चुना एवढा पांढराशुभ्र निघायला लागला की शेठ गिऱ्हाइकांना मूठभर हातावर घेऊन दाखवत.

तोच चुना आता मिस्त्रींच्या बोटावर होता.

“साहेबांना सांगितलंत?” मी विचारलं.

“अजून नाही. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी येणार आहेत. तुम्हाला आधी बोलावलं.”

साहेब म्हणजे पुलाचे सरकारी इंजिनिअर गुप्ते. माणूस कडक. पावसाळ्यापूर्वी खांब पुरे व्हायला हवे होते. पाया असा मऊ राहिला असता, तर पहिल्याच पुरात खांब कलला असता, आणि कदाचित माणसं वर असताना.

सर्व्हिस मोटारीनं मी परत आलो. मला घाबरायला झालं नव्हतं, हे खरं सांगतो. माझा माल चोख आहे याची मला खात्री होती. चूक दुसरीकडे असणार आणि ती मी शोधणार, एवढंच डोक्यात होतं.

आधी रेतीवर संशय घेतला. पुलावरची रेती मागवली आणि दुसऱ्या घाटावरचीही आणली. दोन्हींचे गोळे करून पाण्याच्या घागरीत सोडले. दोन्ही सारखेच मऊ राहिले. मग भाजणीवर आलो. कंकर कच्चा राहिला तर आत गाभा उरतो आणि जास्त भाजला तर त्याचा काचेसारखा खडा होतो. भट्टीतल्या कळ्या फोडून पाहिल्या. सुरेख भाजलेल्या होत्या, पाण्यात टाकताच विरत होत्या. घाण्यावर उभा राहिलो. मळणीत खोट नव्हती.

आता बदललेली एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी बदलली होती.

मी अंगणाच्या कोपऱ्यात गेलो. फेकलेल्या खड्यांचा ढीग तिथं असायला हवा होता. मोठा ढीग. होत्या जेमतेम दोन टोपल्या.

गिरजाबाई वेचणाऱ्या बायकांची मुकादम होती. तिला बोलावलं.

“गिरजाबाई, इथला टाकाऊ माल कुठं गेला?”

ती जरा बिचकली. “शेटनं सांगितलं व्हतं, न्यायचा तर न्या म्हणून. आमी गावाकडं नेला.”

“कशाला?”

“भाजला अन् हाळ बांधली. ढोरांना पाणी प्यायची.”

“हाळ पाणी धरते?”

“ठिपूस गळत नाय. लय घट झालीया. पहारीनं बी उकलायची नाय.”

मी तिच्या गावी जाऊन ती हाळ पाहून आलो. पाण्यानं काठोकाठ भरलेली. तळाशी हात घालून नख लावलं. नखच मोडलं. खिशातल्या चाकूनं खरवडलं, तर बारीक ओरखडा उठला, एवढंच.

उरलेल्या दोन टोपल्यांतला कंकर मी छोट्या भट्टीत वेगळा भाजला. चार घागरी मांडल्या. एकीत माझ्या शुद्ध चुन्याचा गोळा, एकीत फेकलेल्या कंकरच्या चुन्याचा आणि दोहोंत मिश्रणाचे. साहेब यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मिस्त्रींना बोलावून घागरींत हात घालायला लावला. शुद्ध गोळा त्यांच्या मुठीत विरघळून बोटांतून निघून गेला. फेकलेल्या मालाचा गोळा त्यांनी बाहेर काढून दगडावर ठेवला. ठक् असा आवाज आला.

“जुना माल,” मिस्त्री म्हणाले. “हाच यायचा आधी.”

ज्या मातीला मी खोट समजत होतो, तीच कामाची होती. खड्याला वरून चिकटलेली काळी माती निकामीच असते, ती धुवायलाच हवी. पण खड्याच्या आत, चुन्याबरोबर एकजीव झालेली चिकणमाती असते. भाजताना दोन्हींचं जे काही होतं, त्यामुळे चुना पाण्याखाली धरतो. मी नेमके तेच खडे वेचून फेकले होते. जे राहिलं, त्याचा चुना भिंतीला रंग द्यायला उत्तम.

त्याच संध्याकाळी मी त्र्यंबकशेठांना सगळं सांगितलं.

“गुप्तेसाहेबांना रेतीचं सांगा,” ते म्हणाले. “रेती आपली नाही. पुढचा माल नीट पाठवू.”

“आणि चार थर?”

“वरून एवढा दगड बसला की दबून जातील.”

“दबणार नाहीत, शेठ. वाहून जातील. उद्या मी स्वतः सांगणार आहे.”

“नोकरी माझ्याकडे करता तुम्ही.”

“खांबाखाली माझा चुना आहे.”

शेठ चिडले, पण अडवलं नाही. गुरुवारी दोन्ही गोळे फडक्यात बांधून मी पुलावर गेलो. गुप्तेसाहेबांनी ऐकून घेतलं. मऊ गोळा बोटानं दाबला, घट्ट गोळा बुटाखाली घेऊन पाहिला.

“कुणाची चूक?”

“माझी. प्रत सुधारायला गेलो.”

“छान सुधारलीत. पूल पडला असता तर ती प्रत सगळ्यांनाच दिसली असती.” त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. “किती दिवस लागतील काढायला?”

“आठ दिवस काढायला, बारा परत भरायला. माल वेळेवर आला तर.”

“माल येईल,” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणता म्हणून मी माल चांगला धरणार नाही. प्रत्येक खेपेचा गोळा आधी पाण्यात ठेवायचा. मिस्त्री पास म्हणतील तरच गाडी उतरायची.”

अट वाजवी होती. पुन्हा बांध घातला, चारही थर काढले, दगड धुऊन घेतले. त्या दिवसांत मी ॲसिडची बाटली पुन्हा हातात घेतली, पण वेगळ्या कामासाठी. कंकरची पूड ॲसिडमध्ये टाकायची. चुनखडी विरघळून जाते, चिकणमाती तळाशी उरते. तो गाळ वाळवून तोलायचा. फार कमी उरला तर चुना पाण्यात धरत नाही, फार जास्त उरला तर नीट विरत नाही. रोज निरनिराळ्या रानांतला कंकर तपासून मी मधलं प्रमाण बसवलं. गिरजाबाईला मात्र तराजूची गरज पडेना. आठवड्याभरात ती रंगावरून आणि वजनावरून खडे निवडायला लागली आणि माझ्या तोलण्यात तिचा माल क्वचितच नापास झाला.

पहिली गाडी मिस्त्रींनी पास केली. दुसरी परत पाठवली. ती बरोबरच पाठवली होती, मी तपासून पाहिलं. त्यानंतर एकही परत आली नाही. पावसाळ्यापूर्वी तिन्ही खांब उभे राहिले आणि त्या वर्षी ओढ्याला पूर येऊन गेला तरी सांध्याचा टवका उडाला नाही. राहिलेला शुद्ध चुना शेठांनी सफेदीसाठी विकला. त्याची वाहवा झाली, आणि माझी नोकरीही राहिली.

पुढं खऱ्याखुऱ्या खाणींवर बरीच वर्षं काढली. नवा माणूस हाताखाली आला आणि मालाची प्रत वाढवायची म्हणाला, की मी त्याला पहिल्यांदा विचारत असे, हा माल घेणारा त्याचं करणार काय? बहुतेकांना ते माहीत नसायचं. मग मी त्यांना ते विचारून यायला पाठवायचो आणि मगच चाळणीला हात लावू द्यायचो.