अदिरा या नावाचा अर्थ

माझ्या भावाची मुलगी आठव्या महिन्यातच झाली. वजन दीड किलोच्या थोडं वर. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला बारा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी लाखांदूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीने भंडाऱ्याला जायची आणि वहिनीजवळ बसायची. ती फार बोलत नसे. ठरल्या वेळी दूध काढून आत नेऊन द्यायची आणि बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसायची. मला वाटायचं, कसा तरी वेळ काढते आहे.

मुलगी सिहोऱ्याला घरी आली आणि महिन्याभराने नामकरण ठरलं. आत्या म्हणून नाव मीच ठेवणार, हे मी धरूनच चालले होते. एक छोटंसं पाली नाव निवडून ठेवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी चहा घेताना भाऊ म्हणाला की वहिनीने नाव ठरवलं आहे, अदिरा.

आईला कमी ऐकू येतं. तिने विचारलं, "अंधेरा? पोरीचं नाव अंधाराचं काहून ठेवता?"

भावाने पुन्हा नीट सांगितलं. पण मी मराठी शिकवणारी आणि मनातून दुखावलेली. मी म्हणाले, अधीर म्हणजे उतावीळ, आणि आठव्या महिन्यातच आली म्हटल्यावर नाव शोभतंच आहे. कुणी हसलं नाही. वहिनी कप उचलून आत गेली.

बाबा मात्र गंभीर झाले. वनखात्यातून निवृत्त झालेला माणूस, एरवी घरातल्या गोष्टीत पडत नसे. पण नावाची गोष्ट त्यांच्यासाठी वेगळी होती. आजोबांचं नाव म्हणजे उकिरड्यावर टाकायची वस्तू. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून मुद्दाम तसं ठेवलं, असं काही जण सांगायचे. बाबा म्हणायचे, गावानेच ठेवलं. खरं काय ते विचारायला आता कुणी उरलं नाही. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी आधी मुलांची नावं बदलली. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते. नव्या नावाने हाक मारली की आपण मागे वळून बघायचो, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं.

ते मला म्हणाले, "अर्थ मालूम झाल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. पता कर."

मी मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी नाव संस्कृत म्हटलं होतं, दुसऱ्या ठिकाणी अरबी, तिसऱ्या ठिकाणी हिब्रू. काही कळेना. मग मला एका प्रशिक्षणात भेटलेली अलिबागकडची शिक्षिका आठवली. ती ज्यू आहे, घरात मराठीच बोलते, पण प्रार्थना हिब्रूत म्हणते. तिला फोन केला. तिने सांगितलं की 'अदीर' हा त्यांच्या धर्मग्रंथातला जुना शब्द आहे, बलवान, थोर अशा अर्थाचा. देवाला लावतात, समुद्राच्या मोठ्या लाटांनाही लावलेला आहे. अदिरा हे त्याचं स्त्रीलिंगी रूप. मात्र मुलीचं नाव म्हणून ते अलीकडचं. तिच्या आजीच्या पिढीत हे नाव कुणाचंच नव्हतं. "आमच्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त अदिरा असतील आता," असंही ती म्हणाली.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी वहिनीला बाहेर बोलावलं आणि विचारलं की इतक्या दूरचं नाव तिला कुठून सुचलं.

वहिनी खाली बघत बोलली. "पेटीवर पोरीचं नाव नव्हतं, मामाजी. माझंच नाव लिहून 'हिचं बाळ' असं लिहिलं होतं. नर्सबाईनं सांगतलं, पोरीसंग बोलत जा, आवाज ओळखते ते. पण कोणतं नाव घेऊन बोलू? मोबाइलवर ताकदीचं नाव पाहून राहिली होती, तं हे भेटलं. बारा दिवस दूध द्यायले आत गेली का याच नावानं बोलली मी तिच्यासंग. आता दुसरं कसं ठेवू?"

मी त्या बाकावर तिच्या शेजारी बसले होते आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारच्या बोलण्याची लाज वाटली.

बाबा म्हणाले, "म्हणजे नाव तं ठेवून झालं आहे. उद्या लोकाईले फक्त सांगायचं आहे."

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर मी मुलीच्या कानात तेच नाव सांगितलं. त्याआधी स्वयंपाकघरात वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या ताई, आणि माझ्या हातात खिरीची वाटी दिली. पुढे जन्मदाखल्यावर 'अधीरा' असं छापून आलं. भावाने दोन चकरा मारून ते दुरुस्त करून घेतलं.

त्यानंतरच्या वर्षांत हे नाव आमच्या भागात पसरत गेलं. यंदा माझ्या शाळेत पहिलीला दोन अदिरा आल्या, दोघी धान लावणाऱ्या घरातल्या. हजेरी घेताना वडिलांच्या नावासकट हाक मारावी लागते. एकीच्या आईने अर्थ चंद्र असा सांगितला, दुसरीच्या आईला माहीत नव्हता, आवडलं म्हणून ठेवलं. मला ठाऊक होतं ते मी दोघी आयांना सांगितलं. चंद्र सांगणारीला ते फारसं पटलं नाही.

भाचीही आता शाळेत जाते. चणीने लहान आहे. वेळेआधी झालेल्या मुलांचे डोळे तपासावे लागतात, तसे तिचेही तपासले आणि चौथ्या वर्षी चष्मा लागला. मागच्या धानाच्या रोवणीला मी सिहोऱ्याला होते. चिखलात चष्मा पडू नये म्हणून बाबांनी तो आपल्या खिशात ठेवला होता, आणि ती त्यांचं बोट धरून बांधावरून चालली होती.