अम्मीवालं गाणं

एकदा फुटलेला बँड बऱ्याच वर्षांनी पुन्हा एकत्र आला आणि त्यानं एक ब्लूज-रॉक अल्बम काढला. जगात त्याला कुणी विचारलं नाही. श्रीवर्धनात मात्र आम्हा दोघांना तो पाठ होता. माझ्या शेजारच्या मित्रानं आखातातल्या एका दुकानातून कॅसेट भरून आणली होती. वर नाव ना चित्र, दिसायला अगदी कोरी.

त्याच्या अम्मीला लिहिता येत नसे. तेव्हा आखातात पत्राऐवजी कॅसेटी जायच्या. तो नोकरीवर परत गेल्यावर एका दुपारी ती आमच्या ओटीवर येऊन टेपसमोर बोलली आणि मी दीडशहाण्यानं कोरी समजून नेमकी ती अल्बमची कॅसेट घातली. गाववाल्याबरोबर ती रवानाही झाली. मग पेटीत खरी कोरी कॅसेट सापडली, तेव्हा कपाळावर हात मारला.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. गिटार नुकती रंगात येते आणि अम्मी विचारते, "बेटा, जेवलास काय?" ते गाणं संपेपर्यंत ती बोलत राहते. मित्रानं कळवलं, "अख्ख्या अल्बमात हेच गाणं झकास!" त्याच्या इथल्या घरी टेप नव्हता. पुढच्या सुट्टीत त्यानं कॅसेट माझ्याकडेच जपायला दिली.

अम्मी जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा तो कायमचा परतला, म्हसळ्यात राहतो. फोनवर म्हणाला, "तो अल्बम हाय का रे अजून?"

"आहे की! ये ऐकायला."

खजुराचा डबा घेऊन तो आला. मी फोन स्पीकरला जोडला. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "कॅसेट कुठाय?"

"घर रंगवताना टाकली रे. बुरशी धरली होती. हे बघ, कसं स्वच्छ वाजतं!"

त्यानं खजुराचा डबा हळूच खाली ठेवला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. पण अल्बम बंद करायचंही धाडस होईना.

ते अम्मीवालं गाणं लागलं. ठरल्या जागी आम्ही दोघंही पुढे वाकलो. गिटार थांबली नाही. गाण्याचा तो पुढचा भाग आम्ही कित्येक वर्षांनी ऐकत होतो आणि तो खरंच सुंदर होता, याचाच मला राग आला.

"परत लाव," तो म्हणाला.

मी लावलं. तीच जागा आली. स्पीकरकडे बघत तो हळूच म्हणाला, "जेवलो, अम्मी."