पाठीमागची चेन

बायको नॉर्वेला गेली तेव्हा एका वर्षाचं काम होतं. मग काम वाढत गेलं आणि फोन कमी होत गेले. एखादं सणसणीत भांडण झालं असतं तर बरं, निदान कुणीतरी मनातलं बोललं असतं. आमच्यात "जेवलास का" आणि "आई कशा आहेत" एवढंच उरलं होतं. अशात एका रविवारी ती म्हणाली, "उन्हाळ्यात ये ना इकडे. डाइव्ह करू." आणि मी, चाळिशी ओलांडलेला लालबागचा शहाणा माणूस, त्या एका वाक्यावर हुरळून गेलो.

डायव्हिंग आम्ही दोघं मालवणला शिकलो होतो, लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत. पाण्याखाली आमचं कधीच बिनसलं नाही, कारण तिथे बोलायची सोय नाही. उतरण्याआधी ती माझ्या पाठीवरचा सिलिंडर हलवून बघायची आणि खांद्यावर एक थाप मारायची. तेवढ्यावर मी निर्धास्त पाण्यात पडायचो.

नॉर्वेचं पाणी मात्र हाडं गोठवणारं. तिथे आपला पातळ सूट चालत नाही. मानेपासून पावलांपर्यंत बंद, थेंबभर पाणी आत न घेणारा ड्रायसूट लागतो आणि त्याच्या आत गरम कपडे. भाड्याने मिळतात, पण ते तिकडच्या ताडमाड माणसांच्या मापाचे. मी पडलो बुटका. "स्वतःचा आणलास तर बरं," ती म्हणाली. यात खरं तर काहीच नव्हतं. पण मला वाटलं, एका डाइव्हसाठी कुणी सूट विकत घ्यायला सांगत नाही. स्वतःचा म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा. म्हणजे जाणं-येणं, कदाचित तिच्याजवळ राहणंच. बुडत्याला काडीचा आधार पुरतो म्हणतात, मी तर अख्खा सूट शोधायला निघालो.

आईला मोबाइलवर फोटो दाखवला. वाल सोलता सोलता तिने मान तिरकी करून पाहिला.

"पाण्यात उतरूचा आणि भिजूचा नाय? मगे जातस कित्याक?"

मी हसलो. ती हसली नाही. चार वाल सोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "तिका घेऊन येतलस मा?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ज्या शहरात स्वेटर घालायला निमित्त शोधावं लागतं तिथे ड्रायसूट कोण विकणार? बरीच शोधाशोध केल्यावर गिरगावात एक गृहस्थ सापडले. पूर्वी परदेशी कंपन्यांकडे पाणबुड्याचं काम करायचे, आता एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर वापरलेलं डायव्हिंगचं सामान विकतात. माझ्या उंचीला चालतील असे त्यांच्याकडे दोनच सूट होते. एकाची चेन छातीवरून तिरकी, आपली आपल्याला लावता येणारी. दुसऱ्याची पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

"मागची स्वतः नाय लागत हां," ते म्हणाले. "लावायला दुसरा माणूस पायजे, काढायला पण. पार्टनर आहे ना?"

"बायको आहे," मी म्हणालो. कित्येक दिवसांत हे वाक्य मी इतक्या ऐटीत बोललो नव्हतो.

पुढच्या चेनच्या सूटमध्ये खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण ती माझ्यामागे उभी राहील, एका हाताने खांदा धरेल, दुसऱ्याने चेन ओढेल, हे एकदा डोळ्यांसमोर आलं आणि मग ते गृहस्थ काय सांगत होते ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी पाठीमागच्या चेनचा सूट चढवला. मनगटांना आणि मानेला पावडर लावूनही गळ्याची रबरी पट्टी डोक्यावरून ओढताना कान मागेच राहिले असं वाटलं. त्यांनी चेन लावली. मी उकिडवा बसलो, हात वर केले, आरशात पाहिलं. सूट छान बसला होता. मे महिना, वर पंखा कुरकुरत होता आणि आत मी घामाने निथळत होतो. दोन्ही सूटचे फोटो बायकोला पाठवले आणि खाली लिहिलं, मागच्या चेनचा घेतोय.

तेवढ्यात खाली टेम्पो आला म्हणून ते गृहस्थ सामान उतरवून घ्यायला गेले. आणि तिचा व्हिडिओ कॉल आला. तिने केस कापले होते. कधी, ते मला माहीत नव्हतं.

"पुढच्या चेनचा घे," ती म्हणाली.

"हा जास्त चांगला बसलाय. बघ तरी."

"बसलाय रे. पण तुझा तुला घालता आला पाहिजे."

"तू आहेस ना चेन लावायला."

ती हसली नाही. चिडलीही नाही. चिडली असती तर मी त्यातूनही काहीतरी आशा काढली असती.

"दर वेळी मी कुठे असणार?" ती म्हणाली. "मला समोर बसून बोलायचं होतं रे. फोनवर नको वाटत होतं. म्हणून तर ये म्हटलं."

काय बोलायचंय ते मला कळलं. विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"डाइव्ह तर करूच," ती म्हणाली. "पाणी फार सुंदर आहे इथलं."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे अंगावरचं काढावं. हात मागे नेला, पोचला नाही. दुसरा नेला, तोही नाही. मग तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. रडू आलं, पण गळ्याची पट्टी इतकी घट्ट होती की धड रडताही येईना. खाली टेम्पोवाल्याशी त्यांची हुज्जत चालली होती आणि मी तसाच बसलो होतो. इतकं एकटं मला ती गेल्यापासूनच्या दोन वर्षांतल्या एकाही दिवशी वाटलं नव्हतं.

ते वर आले. माझा लालबुंद चेहरा पाहून म्हणाले, "गरम झालं ना? होते सवय." माझ्यामागे उभं राहून त्यांनी चेन उघडली, गळ्याची पट्टी ताणून डोकं बाहेर काढलं. मी तोंड पुसलं.

"मग? हा पॅक करू?"

"नको. पुढच्या चेनचा द्या," मी म्हणालो. "बायकोने तोच घ्यायला सांगितलाय."