समास राहिला, काका

शेषरावकाका गेल्याचा फोन त्यांच्या सुनेनं वॉर्डातून केला, तेव्हा मी त्याच दवाखान्यात कॉम्प्युटरपुढं बसले होते. "झोपेतच गेले..." ती म्हणाली. मला मात्र आधी आठवलं ते माझं खोटं.

काका आमच्या सरकारी दवाखान्याचे निवृत्त रेकॉर्ड कीपर. जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा ते आठवड्यातून दोनदा हसनाबादहून यायचे, डॉक्टरांचे कोंबडीचे पाय मला वाचून दाखवायला. माझ्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसायचे, कारण त्यांना फक्त डाव्या कानानं ऐकू यायचं. रजिस्टरच्या समासात त्यांनीच वर्षानुवर्षं लाल शाईनं लिहून ठेवलेलं असे : 'वाचता येत नाही, गोळ्या रंगावरून समजावणे.' 'या इंजेक्शनने अंगावर पुरळ.'

"पोरी, समासातलं बी घे बरं का. डॉक्टर बदलून जात्यात, पेशंट तेच ऱ्हात्यात."

मी हो हो म्हणायचे. पण शेऱ्यासाठी वेगळं पान उघडावं लागे आणि रोजची ठरलेली पानं तर संपवायची असत. सरळ सांगते, मी कंटाळा केला. काका घरी गेले की मी समास सोडून टाइप करत सुटायचे.

मग काका स्वतःच भरती झाले. त्यांचा केसपेपर मीच केला. नाव, गाव, वय, बीपी... कानाचं लिहिलं नाही. नवे डॉक्टर उजवीकडून विचारत, काका नुसतं हसून मान हलवत. "बाबांना आता समजत नाही," म्हणून डॉक्टर सगळं सुनेलाच विचारू लागले. हे मला तिनं नंतर सांगितलं.

मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "समासातलं घेतलं ना समदं?"

"घेतलं, काका."

घाईत मीही चुकीच्याच बाजूला उभी होते. त्यांनी मान वळवून डावा कान पुढं केला. "काय म्हणलीस?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी वाकून, मोठ्यानं, तेच पुन्हा म्हणाले.

"बराबर," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आता रोज जेवणानंतर एकेक रजिस्टर काढून मी लाल शाई टाइप करते. परवा त्यांची नोंद उघडली. नावापुढं 'मयत' होतं, शेरा कोरा. मी लिहिलं : 'उजव्या कानाने ऐकू येत नाही. डावीकडून बोलावे.'

त्यांची खुर्ची अजून माझ्या उजव्या हाताला आहे. तिच्याकडं वळून मी म्हणाले, "काका, घेतलं नव्हतं."