वर्नाने उपटलेला बोर्ड

आमची शेजारीण वर्ना केसलर हिने शाळेची बस चालवण्यात उमेदीची वर्षं घालवली. आता सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी कॉलेजचा बास्केटबॉलचा घरचा सामना चुकवेल तर शपथ. हिवाळ्यात अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या आमच्या गावाला दुसरा विषयही नसतो.

कॉलेजचा कोच ग्लेन हॉस्टेटलर गावचाच. लहानपणी वर्नाच्या बसमध्ये मागच्या सीटवर दंगा करायचा. त्याने कॉलेजला इतके चषक आणून दिले की काचेचं कपाट पुरेना. पण यंदा काय झालं होतं कोण जाणे, नुसती हार, हार आणि हार. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच आता "हाकला त्याला" म्हणायला लागले.

वर्नाही चिडलेली होतीच. सामना चालू असताना ती पहिल्या रांगेतून ओरडायची, "अरे ग्लेन, त्या ताडमाड पोराला काय बाक पुसायला आणलंयस? उठव त्याला!" पण मागून कुणी ग्लेनला शिवी घातली की लगेच वळायची. "तू गप रे, वेन. बॉल गोल असतो हे तुला गेल्या वर्षी कळलंय."

"तूही ओरडतेसच की," मी एकदा म्हटलं.

"मी त्याच्या तोंडावर ओरडते, सुमन. त्याने जायचं तर मान ताठ ठेवून जायचं. हाकलून नाही."

एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी तिने अर्ध्या गावाशी वाकडं घेतलं होतं.

रविवारी तिला चर्चला मीच नेते. घरी देवापुढे दिवा लावून निघते आणि तिथे मागच्या बाकावर बसून माझं नामस्मरण करते. देवाची काही हरकत असेल असं मला वाटत नाही. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी ग्लेन आणि त्याची बायको चर्चला आले नव्हते. आदल्या दिवशी संघ पुन्हा हरला होता. परत येताना ग्लेनच्या घरावरून गाडी नेली, तर अंगणात बोर्ड. 'घर विकणे आहे.'

आमच्या गावात कोच नकोसा झाला की लोक हेच करतात. दुसऱ्या कुणाच्या अंगणातला बोर्ड उपटून आणायचा आणि कोचच्या दारात ठोकायचा. मागे हायस्कूलच्या कोचला असंच केलं होतं. त्याची बायको महिनाभर दुकानात तोंड दाखवत नव्हती.

"थांबव गाडी," वर्ना म्हणाली.

"अगं, बर्फ आहे, पडशील."

"थांबव म्हणते ना!"

ती लंगडत गेली, बोर्ड गदागदा हलवून उपटला आणि माझ्या मागच्या सीटवर बर्फासकट टाकला. "निर्लज्ज मेले. चल, मार्लीनकडे."

बोर्डावर नाव मार्लीन योडरचं होतं. घरं विकून देणं हा तिचा धंदा. ती दारात आली ती हातात बटाटे सोलायची सुरी घेऊनच.

"हा घे तुझा बोर्ड," वर्ना म्हणाली. "कुणाच्या तरी अंगणातून चोरून ग्लेनच्या दारात लावला होता. जरा लक्ष ठेवत जा!"

मार्लीन बोर्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वर्ना, चोरला नाही कुणी. मीच लावलाय. आज सकाळी. ग्लेननेच सांगितलं होतं."

वर्नाने बोर्ड उचलला आणि पुन्हा मागच्या सीटवर टाकला. वळणावर म्हणाली, "परत नेऊन लावायला हवा." मी मान हलवली.

ग्लेन अंगणातच उभा होता, जमिनीतल्या भोकांकडे बघत. आम्हाला गाडीतून बोर्ड काढताना पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"वर्नाबाई, तुम्ही?"

"मला वाटलं गावाने केलं. अरे, सांगायचं नाहीस का?"

"काल सामन्यानंतर पोरांना सांगितलं, मी सोडतोय. म्हटलं, गावाला बोर्डच सांगेल."

"या गावाला? या गावाला तो बोर्ड भलतंच सांगतो, गाढवा!" ती कडाडली. मग आवाज खाली आला. "लोकांच्या बोलण्यामुळे चाललास ना?"

"छे. पोरं आता एक वर्ष राहतात आणि दुसऱ्या कॉलेजात जातात. काल एकाला मी दुसऱ्याच्याच नावाने हाक मारली. त्याने माझी चूकसुद्धा दाखवली नाही, आला निमूट." तो थांबला. "मला नाही हे जमत आता."

"मग वर्षभर माझी ओरड कशाला ऐकून घेतलीस?"

"तुम्ही बसमध्येही ओरडायचाच की."

ती हसली नाही. त्याने घरातून हातोडा आणला. जमीन दगडासारखी गोठली होती, जुन्या भोकांत बोर्ड उभा राहीना. ग्लेनने मागे उकिडवं बसून दोन्ही हातांनी तो धरला, वर्नाने हातोडा उगारला. मी ठोकते म्हटलं तर ऐकेना. "उपटला मी, ठोकणार मी."

तेवढ्यात रस्त्यावरून वेनची गाडी आली. बोर्डामागचा ग्लेन त्याला दिसला नसावा. त्याने काच खाली केली, हॉर्नवर हॉर्न वाजवले आणि ओरडला, "शाब्बास वर्ना! शेवटी तूसुद्धा आलीस वाटेवर!"

"अरे मूर्खा, हे मी..."

गाडी निघूनही गेली. आता संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घराघरांत जाणार आणि गावाला वाटणार की ग्लेनला आपणच घालवलं, वर्नाच्या हाताने. ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. हातातला हातोडा तसाच वर होता.

"ठोका, वर्नाबाई," बोर्डामागून ग्लेन म्हणाला. "माझी बोटं गारठलीत."