क्वार्टरमधली लिली

रेल्वेचे जुने क्वार्टर पाडणार, हे मला टावर चौकात भाजी घेताना कळलं. बाबांची सगळी नोकरी त्याच क्वार्टरमध्ये झाली. मी आणि भाऊ तिथेच वाढलो. घरी येऊन सांगितलं तेव्हा वाटलं, आई हळहळेल. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "माझी लिली असेल का गं अजून?"

लिली म्हणजे डे-लिली. केशरी फुलं, प्रत्येक फूल एकाच दिवसाचं. आई साताऱ्याहून लग्न होऊन उज्जैनला आली तेव्हा तिला हिंदी धड येत नव्हतं. शेजारच्या मालवी बोलणाऱ्या काकींनी कुंपणावरून एक गड्डा तिच्या हातात ठेवला आणि कुठे लावायचा ते खुणेनेच दाखवलं. तिथून दोघींची मैत्री जमली. पुढे आईची भाषा अशी मिसळली की 'कपडे सुखले का' असं ती मावशीलाही विचारायची आणि मावशी हसायची.

तांदूळ धुतलेलं पाणी रोज लिलीला घालायचं, हे माझं काम. एका सिंहस्थात घर नातेवाईकांनी भरलं. कुंपणावर ओल्या साड्या, वाफ्यात चपला. पानं पार तुडवली गेली. पाहुणे गेल्यावर आई मला घेऊन वाफ्याशी बसली आणि मोडलेली पानं हलक्या हाताने काढत राहिली.

क्वार्टर पाडणार हे कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही रिक्षाने तिथे गेलो. क्वार्टर रिकामे, अंगणात कमरेएवढं गाजरगवत. चौकीदाराने आत सोडलं, पण आई काय शोधते आहे ते पाहून म्हणाला, "अम्मा, ये तो घास है।"

"घास नहीं है भैया," आई म्हणाली, "मेरी लगाई हुई है।"

नळाच्या ओट्यामागे गड्डे एकमेकांत घुसून दाटले होते. पानं बारीक, पिवळी. एकही कळी नाही. काळी माती दगडासारखी झालेली; सोबत नेलेली लोखंडी सब्बल मारली की हात झिणझिणायचे. मी थकून म्हटलं, राहू दे, नर्सरीतून नवीन आणू. दुखऱ्या गुडघ्यांनी आई ओट्यावर टेकली आणि पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली जमिनीच्या भेगांत ओतायला लागली. ते मला बघवेना. चौकीदाराकडून बादली मागून आणली. माती भिजत गेली तसे गड्डे सुटत गेले.

आमच्या आताच्या, माधव नगरच्या घरी आईने ते वेगळे केले, कुजलेली मुळं कापली, पानं वीतभर ठेवली. मी भिंतीलगत लावले. पहिल्या उन्हाळ्यात नुसती पानंच आली. तरी रोज सकाळी फाटक उघडायला आईच जायची आणि वाटेत भिंतीशी थांबून बघायची.

यंदा ज्येष्ठात एक दांडा वर आला. फूल उमललं त्या दिवशी आईने खुर्ची बाहेर मागवली. जेवणही तिथेच केलं. बाबांच्या आणि त्या घराच्या गोष्टी सांगत राहिली. मी कितीतरी पहिल्यांदाच ऐकल्या. संध्याकाळी फूल मिटलं तेव्हा तिला वाईट वाटेल म्हणून मी आत चल म्हटलं.

"थांब," ती म्हणाली, "अजून दोन कळ्या आहेत. उद्या बघू."